हलते चित्र आणि पक्का व्यवहार

सन १९१२. चित्रपटनिर्मितीचे तंत्र शिकून आणि आवश्यक ती यंत्रसामग्री खरेदी करून दादासाहेब फाळके लंडनहून परतले, तेव्हा त्यांच्यापुढे एकच कठीण प्रश्न उभा होता : भांडवल कोण देणार? कथापट तयार करण्याचा धंदा या देशात तोवर रुजलेला नव्हता, आणि ज्या धंद्याला पूर्वेतिहास नाही त्याला कोणताही सावकार सहजासहजी उभा करीत नाही. फाळक्यांनी शब्दांनी पटवण्याचा नाद सोडला. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि सुमारे महिनाभर त्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपून ठेवली. पडद्यावर मात्र ती वाढ मिनिटभरात उलगडली. बी फुटले, अंकुर वर आला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाची ही छोटी फीत त्यांनी काही निवडक मंडळींना दाखविली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. पुढील वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला.

काटेकोरपणे पाहिले तर ती फीत म्हणजे ठराविक अंतराने घेतलेल्या छायाचित्रांची मालिका होती. परंतु एकेक स्थिर चित्र वेगळे तयार करावयाचे आणि त्यांची मालिका वेगाने दाखवून गतीचा अनुभव निर्माण करावयाचा, हे ॲनिमेशनचे मूळ तत्त्व तिच्यात पूर्णपणे आहे. विशेष म्हणजे ती मनोरंजनासाठी तयार झालेली नव्हती. आजच्या बँकेत कर्जमागणीच्या अर्जासोबत जो प्रकल्प अहवाल जोडावा लागतो, त्याचेच काम तिने केले.

ॲनिमेशन म्हटले की मुलांच्या वाहिन्यांवरील उंदीर-मांजर डोळ्यांपुढे येतात. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतर १९३४ मध्ये तिने काढलेला ‘जंबू काका’ हाही करमणुकीचाच पट होता. परंतु आज पुण्याच्या पश्चिमेस, हिंजवडीसारख्या ठिकाणी, हेच तंत्र दररोज शेकडो निर्णयांमागे काम करीत आहे. मोटारीचा सांगाडा किती जाड असावा, उद्या पाऊस कोठे पडेल, यंत्रावर नव्याने येणाऱ्या कामगाराने हात कोठे घालू नये आणि कोणत्या इमारतीत कोणी किती पैसे गुंतवावेत, अशा प्रश्नांवर हलती चित्रे आपले म्हणणे मांडीत असतात. यांपैकी शेवटचा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या तिजोरीशी थेट संबंधित असल्याने या चित्रांची पारख करावयास शिकणे अगत्याचे झाले आहे.

पारख करण्याचे माप बाजारपेठेत पूर्वीपासूनच आहे. व्यापारी तयार माल आणि वायद्याचा माल यांत कधीही गल्लत करीत नाही. तयार माल समोर असतो. पोत्यातून मूठभर धान्य काढून ते तळहातावर घेता येते, दाताखाली धरून पाहता येते. वायद्यात माल अद्याप यावयाचा असतो. तेथे जे विकले जाते ते समोरच्याचे वचन असते आणि म्हणून त्या वचनामागे कोणता कागद, कोणती अनामत आणि कोणाची पत उभी आहे, हे पाहिले जाते. हलत्या चित्रांचेही असेच दोन प्रकार आहेत. काही चित्रे घडलेली किंवा घडत असलेली गोष्ट दाखवितात, काही चित्रे घडावयाची गोष्ट दाखवितात. पडद्यावर दोन्ही सारखीच झळझळीत दिसतात, हीच खरी अडचण आहे.

पहिल्या प्रकाराचे, म्हणजे जे आहे ते समजावून देणाऱ्या चित्रांचे, सर्वांत परिचित उदाहरण शिक्षणक्षेत्रातील आहे. १९७४ साली विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांनी ॲनिमेशन केलेला ‘एक अनेक और एकता’ हा अवघ्या काही मिनिटांचा लघुपट दूरदर्शनवरून पुनःपुन्हा दाखविला गेला. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळे घेऊन उडतात, ही जुनी गोष्ट त्यात आहे. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांना शाळेतील नागरिकशास्त्राचा एकही धडा आठवणार नाही, पण तो लघुपट आठवेल. ‘एक’ आणि ‘अनेक’ या अमूर्त कल्पना लहान मुलाला केवळ शब्दांनी समजावणे अवघड असते. चित्राने ते काम केले. हृदयाची झडप कशी उघडते, रक्तवाहिनीत फुगा घालून अडथळा कसा दूर करतात, हे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नातलगांना दाखविणारी रुग्णालयातील चित्रफीत याच कुळातील. तिचे मोल एवढेच, की संमतिपत्रावर सही करणाऱ्यास आपण कशाला संमती देत आहोत हे समजते.

दुसरे उदाहरण हिंजवडीपासून दूर नाही. हिंजवडीहून शहराकडे येताना अलीकडेच पाषाण लागते. तेथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिची स्थापना १९६२ ची. त्याही पूर्वी, १९२८ मध्ये, हवामान विभागाचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास हलविले गेले होते, म्हणजे पावसाचा हिशेब मांडण्याची या शहराची परंपरा जुनी आहे. इन्सॅट मालिकेतील उपग्रह दर अर्ध्या तासाने ढगांचे चित्र पाठवितो. एका दिवसाची अठ्ठेचाळीस चित्रे एकापाठोपाठ एक दाखविली की अरबी समुद्रावरून सह्याद्रीकडे सरकणारे ढग डोळ्यांना दिसतात. कांद्याच्या वखारीवर ताडपत्री टाकावी की नाही, उघड्यावरचा कापूस आज उचलावा की उद्या, हे ठरविणारा माणूस हे चित्र करमणूक म्हणून पाहत नाही.

येथेही दोन प्रकार शेजारी शेजारी आहेत. उपग्रहाने टिपलेल्या ढगांची मालिका हा झाल्या गोष्टीचा रोजमेळ आहे. त्याच्या पुढील दोन-तीन दिवसांचे रंगीत नकाशे मात्र गणिताने काढलेले असतात. त्यासाठी पाषाणच्या संस्थेत प्रचंड क्षमतेचे संगणक आहेत. २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याहून कितीतरी बलवान असा ‘अर्क’ राष्ट्राला अर्पण झाला. हे अंदाजही चुकतात. परंतु त्यांच्यात एक गुण आहे. परवाच्या अंदाजाचा निकाल परवाच लागतो. चूक झाली तर ती सर्वांना दिसते, मोजली जाते आणि पुढील गणित त्यानुसार सुधारले जाते. ज्या चित्राची रोज परीक्षा होते, त्यावर मर्यादित विश्वास टाकण्यास हरकत नसते.

आता प्रत्यक्ष हिंजवडी. मुळशी तालुक्यातील हे गाव एके काळी शेतीसाठी आणि म्हातोबाच्या यात्रेसाठी ओळखले जाई. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि गावाचे रूप पालटले. माण, मारुंजी यांसारखी शेजारची गावेही त्या ओघात आली. येथील सर्वच कार्यालये केवळ परदेशी बँकांचे हिशेब सांभाळतात, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. वाहनांच्या रचनेची अभियांत्रिकी सेवा पुरविणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीजचे आणि वाहनांसाठी संगणक-प्रणाली तयार करणाऱ्या केपीआयटीचे मुख्यालय येथेच आहे. पुणे परिसरातील मोटार-उद्योगाचा बराचसा विचार आज कारखान्याच्या आधी संगणकाच्या पडद्यावर होतो.

मोटारीच्या अपघाताची चाचणी हे त्याचे उत्तम उदाहरण. नवी गाडी भिंतीवर आदळली तर आत बसलेल्यांचे काय होईल, हे पाहण्यासाठी पूर्वी गाड्या प्रत्यक्ष बांधून पुनःपुन्हा आदळाव्या लागत. हाताने बांधलेली नमुन्याची गाडी अतिशय महाग पडते आणि एका चाचणीत तिचे भंगार होते. आज गाडीच्या सांगाड्याचे संगणकात लक्षावधी लहान तुकडे कल्पिले जातात. प्रत्येक तुकड्याला पत्र्याची जाडी, पोलादाची जात आणि जोडणीचा प्रकार यांची माहिती दिली जाते. मग आघात झाल्यावर प्रत्येक तुकडा क्षणाच्या हजाराव्या भागात किती वाकेल, याचे गणित चालते. धडक मुळात सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात आटोपते. डोळ्याने पाहू जाता काहीच कळत नाही. पडद्यावर मात्र ती हवी तितकी सावकाश पाहता येते : पुढची पट्टी कशी चुरगळली, धक्का कोठून आत आला, चालकाच्या गुडघ्यापाशी काय झाले. एका खांबाची जाडी बदलावयाची आणि पुन्हा तेच गणित करावयाचे. त्यासाठी पोलाद खर्ची पडत नाही.

असे असले तरी या चित्राच्या भरवशावर गाडी बाजारात आणली जात नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या योजनेत गाडीला तारे मिळावयाचे असतील तर समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने खरी गाडी खऱ्या अडथळ्यावर आदळविली जाते. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी वाहनांच्या प्रत्यक्ष चाचण्या होतात. संगणकातील चित्र आणि प्रत्यक्ष चुरगळलेला पत्रा यांचा मेळ बसला, तरच चित्र खरे मानले जाते. वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळल्यावरच मुनीम दिवसाचा हिशेब बंद करतो, तशीच ही रीत आहे. म्हणूनच अभियंता हे चित्र निर्धास्तपणे वापरू शकतो.

याच हिंजवडीत, याच संगणकांवर आणि बऱ्याच अंशी याच तंत्राने एक तिसऱ्या जातीचे चित्र तयार होते. ते म्हणजे अद्याप न बांधलेल्या घराची सफर घडविणारी चित्रफीत. सांगली, बारामती, बार्शी, सोलापूर, कोल्हापूर येथील कितीतरी व्यापारी घरांतील मुले-मुली हिंजवडीत नोकरीस आहेत. मुलाचे लग्न ठरले की तेथे घर घेण्याचा विषय निघतो. रविवारी सर्वजण गाडीने येतात, विक्री-कार्यालयाच्या थंडगार दालनात बसतात आणि दिवे मंद होतात. पडद्यावर प्रवेशद्वार उघडते, कारंजे उडते, पोहण्याच्या तलावाकाठी आजोबा नातवाचा हात धरून चाललेले दिसतात. तीन मिनिटांत सारे मन जिंकून घेते. आणि ज्या गृहस्थाने आयुष्यात कधी नमुना हातात घेतल्याशिवाय ज्वारीचे एक पोते घेतले नाही, तोच गृहस्थ घरातील सर्वांत मोठ्या खरेदीचा बयाणा एका हलत्या चित्राच्या आधारे देऊन मोकळा होतो.

ही चित्रफीत कशी तयार होते, हे समजून घेतले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून इमारतीचा संगणकीय साचा केला जातो. त्यावर रंग, फरशी, लाकूड, काच यांचे पोत चढविले जातात. नंतर प्रकाश योजला जातो आणि कॅमेऱ्याची वाट ठरविली जाते. दर सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर तीन मिनिटांसाठी साडेचार हजार चित्रे लागतात. यांतील प्रत्येक चित्रात काय असावे आणि काय नसावे, हे कोणीतरी ठरविलेले असते. ढगाचे छायाचित्र ढगाने ठरविले, चुरगळलेल्या पत्र्याचे चित्र पोलादाच्या गुणधर्माने ठरविले. येथे मात्र चित्राला असे कोणतेही बाहेरचे बंधन नसते.

त्यामुळे जाणत्या माणसाने काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. कॅमेऱ्याचे भिंग रुंद कोनाचे धरले की दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते. पलंग आणि सोफा किंचित लहान आकाराचे ठेवले तरी तोच परिणाम साधतो. झाडे लावताक्षणी वीस वर्षांची झालेली असतात. उत्तरेकडील सज्जात सकाळ-संध्याकाळ भरपूर ऊन येताना दिसते. पुण्यात वर्षातील बहुतेक महिने तसे घडत नाही. शेजारच्या मोकळ्या जागेवर उद्या येणारी इमारत, मागील ओढा, उन्हाळ्यात दाराशी लागणारे पाण्याचे टँकर आणि सकाळी नऊ वाजता चौकात अडकलेल्या गाड्यांची रांग या गोष्टी त्या साडेचार हजार चित्रांतून गळतात. काही फितींत मेट्रोची गाडी इमारतीच्या बाजूने झुळकन निघून जाते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. २०२४ साल संपले तेव्हाही त्यावर प्रवासी वाहतूक सुरू झालेली नव्हती. ज्यांनी ‘शिवाजीनगर इतक्या मिनिटांत’ या वाक्यावर विसंबून घर घेतले, त्यांचे हप्ते मात्र ठरल्या तारखेपासून सुरू झाले.

याचा अर्थ प्रत्येक बांधकाम व्यावसायिक फसवितो, असा मुळीच नव्हे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे स्वतः या व्यवसायात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पत त्यांनी जपली आहे. अजून न बांधलेली वस्तू ग्राहकास समजावून सांगण्यासाठी चित्रासारखे दुसरे साधन नाही. आराखड्याच्या निळ्या रेषा सामान्य माणसास वाचता येत नाहीत. स्वयंपाकघरातून देवघर दिसेल का, आजीला न्हाणीघर किती जवळ पडेल, हे त्याला चित्रातूनच कळते. प्रश्न चित्राच्या उपयोगाचा नसून त्यामागील जबाबदारीचा आहे. वायद्याचे चित्र दाखविले, तर वायद्याची जोखीम कोणी उचलावयाची?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे, आणि ते पुरेसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ यातील जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून आणि कोणत्याही स्वरूपात केलेली प्रसिद्धी तिच्यात येते. छापील पत्रक आणि हलती चित्रफीत यांत कायदा भेद करीत नाही. कलम ३ नुसार, नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीपूर्वी करताच येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीतून सूट मिळते. हिंजवडीतील बहुमजली संकुलांना ही सूट लागू होण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे नोंदणी क्रमांक हाती नसताना ‘फक्त ओळखीच्यांसाठी’ म्हणून दाखविली जाणारी फीत हाच नियमभंग आहे. त्यासाठी प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात अशा जाहिरातींवर क्यूआर कोड छापणेही महारेराने बंधनकारक केले आहे. तो भ्रमणध्वनीने टिपला की प्रकल्पाची अधिकृत माहिती समोर येते.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते कलम १२. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील माहितीवर विसंबून कोणी पैसे दिले आणि ती माहिती चुकीची किंवा खोटी असल्याने त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई दिली पाहिजे. ग्राहकास प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असेल, तर त्याची संपूर्ण रक्कम व्याजासह परत केली पाहिजे. वायद्याच्या चित्राला कायद्याने दिलेली ही अनामत आहे. परंतु अनामतीचा उपयोग ज्याच्याकडे पुरावा आहे त्यालाच होतो. मंद प्रकाशात पाहिलेले आणि घरी येऊन आठवणीतून सांगितलेले चित्र पुरावा ठरत नाही.

दुसऱ्या बाजूस, विक्रीकरारात बहुधा एक कलम असते : हा करार आणि त्याची परिशिष्टे हाच उभय पक्षांतील संपूर्ण करार असून पूर्वीची सर्व बोलणी व पत्रव्यवहार त्याने रद्दबातल ठरतात. ज्याने चित्रफीत तीन वेळा पाहिली आणि करार एकदाही वाचला नाही, त्याच्या दृष्टीने हे कलम फार महागात पडू शकते. चित्रात क्रीडागृह होते, परिशिष्टात नाही. चित्रात गाडीसाठी प्रशस्त छत होते, परिशिष्टात जागेचा क्रमांकही नाही. वाहनतळाच्या जागेवरून इतके तंटे झाले की २०२४ मध्ये महारेराने तिचा तपशील कराराच्या परिशिष्टात देण्याचा आदेश काढला.

तयार माल आणि वायदा यांतील भेद करकायदाही जाणतो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून सर्वसाधारणपणे पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या वर्गात एक टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नाही. तयार घर पायाखाली घेऊन, नळ सोडून, खिडकी उघडून पाहता येते. त्याचा दर अधिक असतो, पण त्या अधिक दरातून कराची बचत, वाट पाहण्याच्या काळातील भाडे आणि जोखीम वजा करून मग तुलना करावी. हा हिशेब कागदावर मांडला तर पुष्कळदा दोन्हींमधील अंतर वाटले होते तितके राहत नाही.

येथे व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. कर्ज न काढता स्वतःच्या पैशातून घर घेणे हे आपल्याकडे भूषण मानले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु बँकेच्या कर्जप्रकरणाबरोबर एक तपासणी आपोआप होत असते. वकिलाचा मालकीहक्काचा शोध अहवाल, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभाचा दाखला, रेरा नोंदणी, नोंदणीकृत करार आणि मूल्यांककाने जागेवर जाऊन दिलेला अहवाल यांशिवाय रक्कम सुटत नाही. पुढेही बांधकाम जसजसे चढेल तसतशीच ती हप्त्याने दिली जाते. त्या संपूर्ण धारिकेत चित्रफितीला कोठेही जागा नसते. बँक कारंजे पाहत नाही, ती दाखला पाहते. जो स्वतःच्या पैशातून घर घेतो त्याचे व्याज वाचते, परंतु ही तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून त्याने ती स्वतः करून घेतली पाहिजे. चांगल्या वकिलाच्या शुल्काकडे खर्च म्हणून पाहणे हा चुकीचा हिशेब होय.

ही तपासणी करावयास फार वेळ लागत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालावा. मंजूर नकाशा, पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख, तिला मिळालेली मुदतवाढ आणि चालू असलेले दावे तेथे पाहावयास मिळतात. हिंजवडी परिसरात जागा महामंडळाच्या हद्दीत आहे की पीएमआरडीएच्या, हे विचारून त्यानुसार मंजुरी तपासावी. चित्रफितीची प्रत लेखी पत्रासह मागून घ्यावी आणि तिच्यात दाखविलेल्या सोयींपैकी कोणत्या करारात येणार आहेत, याची यादी विक्रेत्याकडून ईमेलने मिळवावी. जो विक्रेता ही यादी आनंदाने देतो, त्याच्या चित्रावर अधिक विश्वास ठेवता येतो. कलम १३ प्रमाणे, नोंदणीकृत करार होईपर्यंत घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम कोणाला मागता येत नाही. ती देऊही नये. एकदा करार झाल्यावर तुमच्या सदनिकेच्या मंजूर आराखड्यात तुमच्या संमतीशिवाय, आणि इमारतीच्या अथवा सामाईक जागांच्या आराखड्यात दोन-तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात.

या साऱ्याची दुसरी बाजू विक्रेत्यांसाठी आहे. आज सोन्याचांदीचे दुकान असो, मसाल्याचा कारखाना असो वा शेतीपंपांची एजन्सी, ॲनिमेशनची जाहिरात करणे लहान व्यावसायिकाच्याही आवाक्यात आले आहे. घरातील तरुण मुले ती संगणकावर स्वतःच तयार करतात. पाण्याचा शुद्धीकरण-संच जंतू कसे गिळतो, एखादे तेल हृदयातील अडथळा कसा विरघळविते, हे हलत्या चित्रात दाखविणे अगदी सोपे आहे, कारण चित्रात जंतू आणि अडथळा दोन्ही सांगितल्याप्रमाणे वागतात. प्रत्यक्षात तसे न घडल्यास ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केंद्रीय प्राधिकरण त्यासाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. पेढीवर येणारे गिऱ्हाईक पूर्वी बापजाद्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून माल नेत असे. पडद्यावर दाखविलेले चित्र हाही आता पेढीचा शब्दच आहे.

नव्या पिढीला या तंत्राचे मोठे आकर्षण आहे आणि त्यात रोजगारही आहे. मुलगा किंवा मुलगी ॲनिमेशन शिकू इच्छित असेल, तर ‘कार्टून काढून पोट भरेल काय’ असा प्रश्न विचारण्याचे दिवस सरले. वाहन-उद्योग, वैद्यकीय शिक्षण, हवामान, कामगार-प्रशिक्षण, वास्तुरचना या सर्वांना ही विद्या हवी आहे. मात्र शिकणाऱ्याला एक गोष्ट घरातूनच शिकविली पाहिजे. चित्र काढण्यापूर्वी त्याने विचारावे : यात दाखविलेले पडताळून कोण पाहणार आणि ते चुकले तर कोणाचे नुकसान होणार? अभियंत्याच्या चित्राला पत्र्याची परीक्षा असते, हवामानाच्या चित्राला उद्याच्या पावसाची. घराच्या चित्राला मात्र ग्राहकाच्या सावधपणाखेरीज आणि काढणाऱ्याच्या सचोटीखेरीज वेळेवर होणारी दुसरी परीक्षा नाही. कायद्याची परीक्षा होते, पण ती पैसे गेल्यानंतर.

म्हणून रविवारी हिंजवडीस जाणाऱ्या कुटुंबाने चित्रफीत अवश्य पाहावी, चहाही घ्यावा. नंतर दालनातून बाहेर पडून प्रत्यक्ष जागेवर उभे राहावे, शेजारच्या जुन्या संकुलातील चार रहिवाशांना पाण्याविषयी विचारावे आणि कराराचा मसुदा वाचण्यासाठी घरी मागून न्यावा. बयाण्याचा धनादेश त्यानंतरच्या रविवारी दिला तरी चालतो.